परत ठेवलेला प्याला

विश्वास ठेवायचा तो देवावर, नवऱ्यावर नव्हे, असा माझा बरीच वर्षं साधा सरळ नियम होता. हा नियम मी काही हौसेने केला नव्हता. आमच्या ह्यांनी दारू सोडली त्याच्या आधी ती किती वेळा सोडली होती, हे अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं. नाताळात सोडायचे आणि होळी यायच्या आत धरायचे. माझी शपथ झाली, लेकीची झाली, एकदा तर चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात हात देऊन वचन झालं. शेवटी डोळे पिवळे पडले, पोट फुगलं आणि दवाखान्यात भरती करावं लागलं, तेव्हा कुठे हा माणूस हादरला. तिथून सुटल्यावर मात्र ते स्वतःच्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं की आता ह्यांना घोट तर सोडाच, वाससुद्धा नको. खोकल्याचं औषध द्यायचं तरी आधी आम्हाला विचारा. एका घोटाने ते पुन्हा तिथेच जाऊन पोहोचतील, आणि या वेळी यकृत साथ देणार नाही. ते शब्द माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच.

त्यानंतर ते प्यायले नाहीत. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात ते फिटर आहेत, तिथे पुन्हा जाऊ लागले. पगार घरी येऊ लागला, अंगावर मांस चढलं, शेजारी-पाजारी म्हणू लागले की बाई, तुझ्या प्रार्थनेला फळ आलं. मी वरवर हो म्हणत असे. पण संध्याकाळी दार उघडताना मी उंबऱ्यात अशी आडवी उभी राहायची की ह्यांना माझ्या नाकासमोरूनच आत यावं लागे. ते बिचारे थांबून माझ्या तोंडावर ‘हा’ करत आणि मग चपला काढत. त्यांना राग येत नाही, याचासुद्धा मला संशय यायचा.

त्या दिवसांत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब पवित्र जीवनावर बोलत होते. देवाने आपल्याला स्वतःसाठी वेगळं काढलंय, ते नुसतं मनाने नाही तर देहानेसुद्धा. हात, डोळे, जीभ, पोट, सगळं त्याचं. प्रवचन मला फार आवडायचं. माझी मान सारखी डोलायची. पण खरं सांगते, ती डोलायची ती पुरुषांच्या बाजूला बसलेल्या एका माणसासाठी. ऐका, तुमच्यासाठीच चाललंय, असं मी मनातल्या मनात त्यांच्याकडे पाहून म्हणायची. माझं स्वतःचं म्हणाल तर मी काय, आयुष्यात कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

ह्यांनी मात्र एक गोष्ट स्वतःवर लावून घेतली होती. ते प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षांचा रस, घेत नव्हते. कुणी मनाई केली नव्हती, उलट पाळकसाहेबांनी दोनदा घरी येऊन समजावलं होतं. पण महिन्याच्या त्या रविवारी सगळे पुढे कठड्याशी जाऊन गुडघे टेकत, तेव्हा हे मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहत. विचारलं तर म्हणायचे, “ज्या तोंडानं इतकी वर्षं थे घेतली, त्या तोंडानं हे घेऊ कसं? थांब जरा. माह्या मनाले पटू दे.” मी थांबले. मग मे महिन्यात एका सकाळी डबा भरताना ते सहज बोलावं तसं बोलले, “या रविवारी मी जाईन म्हणतो, पुढं.” माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. आनंद झालाच, पण त्याच्या मागोमाग भीतीही आली. एकदा प्रभूच्या मेजावर गेलेला माणूस पुन्हा घसरला, तर मग त्याला उठवायला कोण उरलं?

योगायोग असा की त्या महिन्यात प्रभुभोजनाचा रस करायची पाळी माझी होती. आमच्याकडे बाहेरची बाटली आणत नाहीत, भगिनी मंडळातल्या बायका पाळीपाळीने घरी करतात. माझी रीत सासूबाईंची. पाणी उकळून गार करायचं, त्यात काळ्या मनुका आणि थोडी साखर घालून भिजत ठेवायचं, मग कुस्करून स्वच्छ कापडातून गाळायचं. दारूचा थेंब नाही, म्हणून तर आमच्या मंडळीत लहानमोठे सगळे बिनघोर घेतात. आणि सासूबाईंची सक्त ताकीद अशी की रस चाखायचा नाही. त्यांच्या पणजोबांचं घराणं देवळात पूजाअर्चा करणारं. धर्म बदलला, नावं बदलली, पण देवाचं आधी देवाला, मग आपल्या जिभेला, हे काही त्या घरातून गेलं नाही. पाळकसाहेब हसून म्हणायचे की असा काही नियम आपल्यात नाही. पण मी पाळत आले होते, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

मनुका भिजत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून फोन आला. माझी थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली होती, हाताला प्लास्टर लागलं होतं, घरात करणारं कुणी नव्हतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, ते फ्रिजमध्ये सारलं आणि ह्यांना बजावलं, “याले हात लावू नका. झाकणही उघडू नका.” मग एस.टी. धरली. अकोल्याचं ऊन अमरावतीकरांना वेगळं सांगायला नको, पण त्या वेळी तिथे भिंतीसुद्धा हाताला चटका देत होत्या. ताईच्या कूलरपुढे मी दोन्ही रात्री झोपले, आणि परत निघाले तेव्हा माझं नाक गच्च बंद झालेलं होतं. पण सर्दीपेक्षा मोठा त्रास मनाचा होता. पहिल्यांदाच ह्यांना घरात एकटं सोडून मी बाहेर रात्र काढत होते. फोन केला की ते “बरा हाय, जेवलो” म्हणायचे, आणि मी आवाजात काही जड लागतं का ते ऐकत बसायची.

शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचले. फ्रिज चालू होता, पातेलं गार होतं, झाकण जागच्या जागी. दूध मात्र नासलं होतं. बाहेर विसरले असतील आणि उशिरा आत ठेवलं असेल, म्हणून मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं आणि ते मोरीत ओतून दिलं. ते काहीतरी सांगायला लागले होते, पण माझं बोलणं सुरू झालं की ते आपलं थांबवतात. मग मी आंघोळ केली, प्रार्थना केली, मनुका कुस्करून रस गाळला आणि स्टीलच्या डब्यात भरला. चाखला अर्थातच नाही. आणि नाक होतं बंद.

रविवारी ह्यांनी लेकीच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला. डोक्याला तेल, दाढी अशी घोटून केलेली की गाल चमकत होते. मला हसू आलं. चर्चच्या मंदिरात ते नेहमीचा मागचा बाक सोडून पुरुषांच्या बाजूला पुढे जाऊन बसले. बायकांच्या बाजूला गर्दी होती, आणि उपासना सुरू झाल्यावर एक म्हातारी बाई आली ती माझ्याच बाकावर सरकून बसली. ओळखीची नव्हती. धामणगाव रेल्वेहून लेकीकडे आलीय, एवढं तिने हळूच सांगितलं.

पाळकसाहेबांनी भाकरीवर आणि रसावर प्रार्थना केली. आधी पुरुष गेले. मला ह्यांची पाठ दिसत होती. त्यांनी गुडघे टेकले, भाकर घेतली. मग छोट्या प्याल्यांचं तबक फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी प्याला उचलला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मला तरी फार वेळ वाटला. मग त्यांनी तो भरलेला प्याला परत तबकात ठेवला, उठले, आणि कुणाकडेही न बघता मधल्या वाटेने चालत सरळ बाहेर निघून गेले.

 बायकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. दोन रात्री मी घरी नव्हते, तेवढ्या पुरल्या. म्हणूनच फोनवर तो गुळमुळीत आवाज, म्हणूनच कालची ती चुळबुळ. प्यायलेल्या तोंडाने प्रभूचा प्याला घ्यायचं धाडस झालं नाही, एवढीच काय ती लाज शिल्लक राहिली होती. मला भयंकर राग आला. मी उठले. बाहेर जायचं, आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिथे आवारातच त्यांच्या तोंडावर मारायचं, लोकांनी ऐकलं तर ऐकू दे, असं ठरवूनच उठले. पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नका, हे वाक्यसुद्धा जिभेवर तयार होतं.

शेजारच्या म्हातारीने माझं मनगट धरलं. “कुठी जाऊन राहिली वो?”

“बाहेर. सोडा, मावशी.”

“बायांची पाळी आली ना आता. मले धरून घेऊन चाल. माह्यानं एकटीनं गुडघे टेकवत नाही.”

“दुसऱ्या कोणाले सांगा. माह्या मनात लय राग हाय, मी नाही जात पुढं.”

“राग हाय तं मंग तिकडंच चाल की,” ती म्हणाली. “राग घेऊन बाहेर काहून जातं?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने उठायला सुरुवात केली. सगळा भार माझ्या हातावर. मी हात काढून घेतला असता तर ती पडली असती. तेव्हा मी गेले, दुसरं काय करणार? तिला कठड्याशी नेऊन टेकवलं, आणि तिने हात सोडला नाही म्हणून तिच्याजवळ मीही टेकले. प्रभो, माझ्याकडून काही होत नाही, एवढंच मनात म्हटलं. ती प्रार्थना होती की तक्रार, कोण जाणे.

भाकर घेतली. प्याला आला, तो मी तोंडाला लावला. नाकाला काही कळत नव्हतं, पण जिभेला चुरचुरलं. आंबट, तिखटसर असं काहीतरी, आणि मग घशातून छातीपर्यंत एक ऊब उतरत गेली. मी जन्मात दारू चाखलेली नाही. तरीपण मला कळलं. नासलेलं दूध आठवलं, झाकण घातलेलं पातेलं आठवलं, अमरावतीचा उन्हाळा आठवला. वीज गेली असणार, आणि बराच वेळ गेली असणार. ज्या एका घोटाला मी रात्रंदिवस घाबरत होते, दारात उभी राहून ज्याचा वास शोधत होते, तो घोट मीच स्टीलच्या डब्यात भरून, प्रार्थना करून, माझ्या नवऱ्याच्या ओठांपर्यंत आणून ठेवला होता.

मावशीला जागेवर बसवून मी बाहेर धावले. हे नळाजवळच्या कडुलिंबाखाली ओट्यावर बसले होते. तोंडावर पाणी मारलेलं, शर्टाची कॉलर भिजलेली. मला पाहून उभे राहिले, आणि सवयीने तोंड पुढे करायला लागले. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“लाइन गेली होती का?” मी विचारलं.

“गेल्ती ना. तू गेली त्याच दिवशी डीपी जळली. दुसऱ्या दिवशी दिवे लागणीले आली. तुले सांगून राहिलो होतो काल, पण तू दुधावरून...” ते थांबले. “मले काय माहीत का त्याच्यानं रसाले काही होते म्हणून. तूच म्हटलं होतं झाकण उघडू नका.”

“अन् पेला हातात आल्यावर समजलं?”

“तोंडाशी नेल्याबरोबर. माह्या नाकाले नाही समजणार तं कोणाले?”

“मंग तिथंच सांगतलं काहून नाही? लोक काय समजले असतील तुमाले!”

ते जमिनीकडे पाहत होते. “तुह्या हातचा रस होता,” ते म्हणाले. “साऱ्या बायांसमोर तुले खाली पाहायले लावू का?”

मी तिथेच ओट्यावर बसले आणि रडले. पदर, तोंड, नाक, कशाचंही भान राहिलं नाही. ते शेजारी बसले आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्यात मला पदरचं काही घालायचं नाही. “वास आला अन् सारं आंग जागं झालं. वाटलं, आता पेतो. प्रभूच्याच नावाचा पेला हाय, कोण काय म्हणते? तुलेसुदा नाव ठेवता आलं नसतं. हात थांबलाच नाही, पेला ओठाले लागला. मंग थो खाली आला. मी नाही आणला. मले नव्हता आणायचा. कोणी आणला, मले नाही सांगता येत.”

 मी उठले, तोंड धुतलं आणि आत गेले. उपासनेच्या शेवटचं आशीर्वचन व्हायचं होतं. बायकांच्या बाजूने मी कधी एक शब्दही मोठ्याने बोललेली नाही, पण त्या दिवशी उभी राहिले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, रस आंबलेला आहे. मी केला होता, चूक माझी आहे. आमच्या ह्यांनी ओळखलं, म्हणून प्याला ठेवला.”  मग पुरुषांमधून एक आजोबा पुटपुटले, “तरी म्हटलं मी!” आणि सगळं मंदिर हसायला लागलं. म्हणजे चव बऱ्याच जणांना लागली होती, पण प्रभूच्या मेजावर आंबट म्हणायचं कुणी? हसताना कितीतरी बायका डोळे पुसत होत्या. माझ्या छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला की मीही हसले.

पाळकसाहेब स्वतः बाहेर जाऊन ह्यांना हाताला धरून घेऊन आले. पाळकीणबाईंच्या घरी द्राक्षं होती, ती त्यांनी धुऊन वाटीत पिळून आणली. तोवर मंडळी बसून गाणी गात राहिली, एकही माणूस घरी गेला नाही. मग हे एकटेच कठड्याशी टेकले. पाळकसाहेबांनी मला खूण केली, तशी मीही त्यांच्या शेजारी टेकले. त्यांनी दोन्ही हातांनी प्याला धरला आणि प्यायले. इतकी वर्षं ज्या प्याल्यासाठी ते स्वतःला लायक समजत नव्हते, तो रिकामा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बक्षीस मिळालेल्या मुलाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

उपासना सुटल्यावर मी त्या मावशीला शोधलं. ती गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली होती, आणि ती कुणाची आई हे नंतर विचारूनही नीट कळलं नाही. ती देवदूत होती असं मी मुळीच म्हणत नाही. तिचा गुडघा खरोखर दुखत होता, तिच्या भाराने माझं मनगट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. पण तिने तो भार माझ्यावर टाकला नसता, तर मी बाहेर जाऊन जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं. नुकत्याच एवढ्या मोठ्या मोहातून सुटून आलेल्या माणसाला मी घराबाहेर काढलं असतं, आणि मग तो कुठे गेला असता हे सांगायला नको. त्या सकाळी एक हात त्यांचा धरला गेला आणि एक माझा. मला एवढंच ठाऊक आहे.

पवित्रपणा म्हणजे राखण, असं मी समजत होते, आणि राखणदार मी. त्यांच्या देहाची राखण करता करता माझ्या स्वतःच्या मनात काय साचतंय याकडे माझं लक्षच गेलं नाही. देवाने वेगळं काढलेलं माणूस देवच सांभाळतो. आपण शेजारी गुडघे टेकावेत, त्यापलीकडे आपल्या हातात फारसं काही नसतं. हे कळायला मला इतकी वर्षं लागली, पण कळलं याचेच मी उपकार मानते. त्या दिवसापासून जीव हलका आहे. ते कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले तर मी जेवून घेते आणि खुशाल झोपते.

प्रार्थनेला आम्ही दोघं अजूनही रोज एकत्र बसतो. पूर्वी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्यासाठीच मागायची, आणि ते मान खाली घालून ऐकायचे. आता मी आधी माझ्यासाठी मागते. प्रभो, माझं मन शुद्ध ठेव, माझ्या जिभेला आवर घाल, असं म्हणते. आणि तिथे आलं की हे माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच, जरा मोठ्यानेच, “आमेन” म्हणतात.